स्क्रूचं डोकं आवळून बसवायचं नसतं

समज असा: स्क्रू जोर लावून आवळला की डोकं आपोआप लाकडात बसतं, काउंटरसिंक बिट (डोक्यासाठी शंकूसारखा खळगा करणारं ड्रिलचं पातं) फक्त दिसण्यासाठी.

मऊ लाकडात डोकं आत जातं, हे खरंच आहे, म्हणून हा समज टिकला. पण ते जागा करून घेतं ती तंतू दाबून. सपाट डोक्याच्या स्क्रूची खालची बाजू शंकूसारखी असते, म्हणजे ती पाचरीचंच काम करते. टणक लाकडात, त्यातही फळीच्या टोकाजवळ, ती पाचर लाकडाच्या रेषांच्या दिशेने चीर पाडते. प्लायवूडचा वरचा थर डोक्याभोवती उचकटतो. एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीवर) उंचवटा येतो, तो रंगाखालीही लपत नाही.

नुसतं काउंटरसिंकही पुरत नाही. 4 मिमी स्क्रूसाठी वरच्या फळीत 4.5 मिमीचं आरपार भोक, खालच्या टणक लाकडात साधारण 3 मिमीचं, मऊ असेल तर 2.5 मिमीचं. मग खळगा. मेट्रिक स्क्रूच्या डोक्याचा कोन बहुधा 90 अंश, इंची मापाचा 82. बिट त्याच कोनाचं घ्या.

खोली तपासायला स्क्रू उलटा धरून डोकं खळग्यावर टेकवा. कडा जुळल्या की थांबा. पातळ प्लायमध्ये जास्त खोल गेलात, तर डोक्याखाली धरायला लाकूडच उरत नाही.

खात्री हवी? टणक लाकडाच्या टाकाऊ तुकड्यात टोकापासून 15 मिमीवर दोन स्क्रू लावा, एक खळगा करून, एक तसाच. दोन्ही काढा आणि भोकांच्या कडा उजेडात तिरप्या धरून पाहा.