थायरॉईडचा कॅन्सर: आयोडीनचा डोस वेगळा, शेक वेगळा

आमच्या गावात एकाच वर्षी दोघांना थायरॉईडचा कॅन्सर निघाला. माझ्या मोठीमायला आणि मागच्या गल्लीतल्या एका काकांना. दोघांनाही ‘किरणं दिली’ एवढंच गावाला कळलं. मग काकांचं ताट-गिलास वेगळं काढलं गेलं, आणि डोस घेऊन चौथ्या दिवशी घरी आलेल्या मोठीमायच्या मांडीवर शेजारणीनं आपलं सहा महिन्यांचं लेकरू ठेवलं. नेमकं उलटं! मी धावत जाऊन लेकरू उचललं. दोन-चार मिनिटांनी काही बिघडत नाही, पण रोज तासन्‌तास मांडीवर घेणं चालत नाही.

काकांचा शेक मशीनचा. किरणं बाहेरून गळ्यावर सोडतात, रोज काही मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, बहुधा पाच-सहा आठवडे. मशीन बंद झालं की किरणं संपली. अंगात काहीच उरत नाही, त्यामुळे शेक घेतलेल्या माणसाचं ताट वेगळं काढायचं कारणच नाही. त्रास होतो तो त्यांना स्वतःला. काकांच्या गळ्याची कातडी काळी पडली, ज्वारीची भाकर दुधात कुस्करूनही गिळवेना, आणि दाढी तेवढ्या पट्ट्यात उगवायची थांबली.

मोठीमायचा डोस म्हणजे आयोडीन-131 ची एक कॅप्सूल. थायरॉईडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. त्याच सवयीचा इथे फायदा घेतला जातो. ऑपरेशनमध्ये गाठीसकट ग्रंथी काढल्यावर मागे राहिलेल्या, अगदी फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशीही हे आयोडीन गिळतात आणि आतूनच जळतात. पण इथे किरणांचा उगम माणसाच्या पोटात असतो. आठ दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. बरंचसं लघवीवाटे जातं, थोडं लाळेतून, घामातून. म्हणून 30 मिलिक्युरीच्या (किरणांची ताकद मोजायचं माप) वरचा डोस असला की आपल्याकडे वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान लेकरं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं. तरुण बाईनं पुढे सहा महिने ते वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. हे सगळं मोठीमायच्या सुट्टीच्या कागदावर होतं, इंग्रजीत. तोंडानं कोणी सांगितलं नव्हतं.

डोसच्या आधीची तयारी तर आणखी गमतीची. पेशी भुकेल्या राहाव्यात म्हणून एक-दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध अगदी बेतानं. थायरॉईडची गोळीही तीन-चार आठवडे बंद (किंवा त्याऐवजी इंजेक्शन). मोठीमाय वैतागली. “औषध आयोडीनचं, अन्‌ मीठ आयोडीनचं बंद? हे काय वं बाप्पा!” तिला दुसरी धास्ती केसांची. “माह्ये केस जातीन का?” नाही गेले. केस जातात ते बहुतेक वेळा केमोनं. डोसनं तोंड कोरडं पडलं, कानाखाली सूज आली, चार दिवस चव गेली.

मग काकांना डोस का नाही दिला? गावानं मला हाच प्रश्न विचारला, आणि ‘पैसे कमी पडले असतील’ असं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. खरं कारण गाठीच्या जातीत आहे. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या जाती सहसा आयोडीन घेतात. मेड्युलरी घेत नाही. तिथे ऑपरेशनवरच भर, आणि ती कधीकधी घराण्यात चालते म्हणून भावंडांचीही तपासणी. अ‍ॅनाप्लास्टिकही घेत नाही. ती आठवड्यांत वाढते, श्वासनलिकेला चिकटते आणि निदानाच्या दिवशीच चौथ्या स्टेजची धरली जाते. काकांची तीच होती. ठरावीक जनुकीय बदल सापडला तर आता गोळ्या आहेत, पण बहुतेकांच्या हाती काही महिनेच असतात. काका पाचव्या महिन्यात गेले.

पॅपिलरी सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात सौम्यही. पंचावन्नच्या आतल्या रुग्णाला ती दूरवर पसरली तरी स्टेज दोनच्या वर जात नाही. गाठ लहान आणि ग्रंथीतच असेल तर नुसतं ऑपरेशन पुरतं, डोस लागतच नाही. मोठीमायची मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेली होती, म्हणून लागला.

आता दर काही महिन्यांनी थायरोग्लोब्युलिनची (थायरॉईडच्या पेशीच बनवतात त्या प्रथिनाची) रक्ततपासणी, आणि जन्मभर थायरॉक्सिन, म्हणजे तीच थायरॉईडची गोळी. पहाटे उठून ती उपाशीपोटी गोळी पाण्यासोबत घेते, देव्हाऱ्यापाशी बसते, आणि अर्धा तास झाल्याशिवाय चुलीवर चहाचं आंधण ठेवत नाही. वेचणीला जाणाऱ्या बाया हाका मारून थकतात.