रिग्ली फील्डचे नूतनीकरण: गच्चीवाले, रहिवासी आणि एका करारातले वाक्य

शिकागोतले रिग्ली फील्ड हे कब्स या बेसबॉल संघाचे मैदान. संघाला तिथे मोठे व्हिडिओ फलक उभारायचे होते आणि त्यांनी समोरच्या गच्च्यांवरून दिसणारे दृश्य अडणार होते. या नूतनीकरणाचा वाद २०१३ ते २०१५ या काळात सतत ‘कब्स विरुद्ध शेजारी’ असा मांडला गेला. या मांडणीत दोन वेगळे गट एकत्र कोंबले गेले. पहिला गट वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांवरच्या गच्चीवाल्यांचा. मैदानासमोरच्या तीन मजली इमारतींच्या गच्च्यांवर त्यांनी लोखंडी स्टँड उभारले होते आणि सामन्याची तिकिटे, जेवण, बिअर असा धंदा चालवला होता. दुसरा गट त्याच गल्ल्यांत राहणाऱ्या साध्या लोकांचा. त्यांना रात्री झोप हवी होती आणि कामावरून परतल्यावर गाडी लावायला जागा. पहिल्यांना सामना दिसायला हवा होता, दुसऱ्यांना तो ऐकू यायला नको होता. वकील आणि कॅमेरे पहिल्यांकडे होते, म्हणून बातम्याही त्यांच्याच झाल्या.

मैदान १९१४ मध्ये बांधले गेले ते कब्ससाठी नव्हे, तर फेडरल लीग नावाच्या नव्या बंडखोर लीगमधल्या संघासाठी. ती लीग दोन हंगामांत बुडाली. १९१५ अखेरच्या तडजोडीत तिच्या शिकागोतल्या संघमालकाला कब्स विकत घ्यायची मुभा मिळाली आणि १९१६ पासून कब्स इथे खेळू लागले. या तडजोडीचा एक धागा शंभर वर्षांनी गच्चीवाल्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला, त्याबद्दल पुढे. हाताने आकडे बदलायचा धावफलक, आऊटफिल्डच्या (मैदानाच्या दूरच्या भागाच्या) भिंतीवरची वेल आणि तिच्यामागचे ब्लीचर्स, म्हणजे उघड्यावरची आसने, हे सगळे १९३७ चे. समोरच्या गच्च्यांवर खुर्च्या टाकून सामना बघणे सुरुवातीपासूनच चालू होते आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हते.

रहिवाशांचा लढा दिव्यांवरून सुरू झाला. इतर मैदानांवर रात्रीचे सामने नेहमीचे झाले तरी रिग्लीवर ऊन असेपर्यंतच खेळ चाले. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर दिव्यांचे साहित्य आणलेही होते, ते युद्धकार्याला देऊन टाकले गेले. १९८१ मध्ये एका माध्यम कंपनीने संघ विकत घेतला, तिला रात्रीच्या प्रक्षेपणाचा पैसा दिसत होता. रहिवासी संघटित झाले आणि दोन कायदे पदरात पाडून घेतले. राज्याच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतून खेळांना सूट होती. १९८२ मध्ये ती सूट दहा लाखांहून मोठ्या शहरातल्या अशा मैदानांपुरती काढून घेतली, जिथे तोवर रात्रीचा सामना झालेला नव्हता. १९८३ मध्ये पालिकेने आपला नियम केला: पंधरा हजारांहून जास्त आसनांचे उघडे मैदान आणि त्या आसनांपासून पाचशे फुटांच्या आत शंभर किंवा जास्त घरे असतील, तर रात्री आठनंतर खेळ बंद. नाव कुठेच नव्हते, पण शिकागोत या वर्णनात बसणारे मैदान एकच. दक्षिण भागातला दुसरा संघ घरांपासून लांब असल्याने सुटला.

संघ न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला. पण बेसबॉलच्या वरिष्ठांनी वेगळाच पेच टाकला. १९८४ मध्ये कब्स एकोणचाळीस वर्षांनी बाद फेरीत पोहोचले होते. ते सामने आता रात्री टीव्हीवर दाखवायचे असत. दिवे नसतील तर घरचे सामने दुसऱ्या शहरात खेळा, असा इशारा आला. संघ उपनगरात जाईल ही भीतीही होतीच. शेवटी १९८८ च्या फेब्रुवारीत पालिकेने वर्षाला १८ सामन्यांची मुभा दिली. ८ ऑगस्ट १९८८ ला दिवे लागले, पावसाने तो सामना धुऊन नेला आणि पहिला पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी झाला. सोबत रहिवाशांना रात्रीच्या सामन्यांच्या वेळी गाड्या लावण्यासाठी परवाना पद्धत मिळाली. बाहेरच्याने त्या गल्लीत गाडी लावली तर ती उचलून नेली जाते. दिव्यांची ही तडजोड मला आजही प्रामाणिक वाटते, कारण सामन्यांच्या संख्येला मर्यादा होती आणि ती बदलायची तर पालिकेत सर्वांसमोर चर्चा करावी लागत होती.

गच्चीचा धंदा याच काळात फोफावला. घरमालकाने मित्रांना बोलवायचे, एवढ्यावर असलेला प्रकार ऐंशीच्या दशकात तिकिटांवर आला. १९९८ मध्ये पालिकेने परवाने सुरू केले, तसा त्याला कायदेशीर पाया मिळाला आणि लोकांनी पोलादी स्टँडमध्ये मोठा पैसा घातला. शेफील्डवरच्या एका इमारतीवर लॅटिनमध्ये ‘एआमुस कातुली’ (‘चला, कब्स’) अशी पाटी आहे, आणि शेजारी गटविजेतेपद, लीगचे विजेतेपद, जागतिक विजेतेपद यांना किती वर्षे झाली याचे आकडे. टीव्हीचा कॅमेरा दर सामन्यात त्या पाटीवर जाई. म्हणजे संघ या गच्च्यांचा आपल्या जाहिरातीसाठी वापर करून घेतच होता.

२००२ मध्ये संघाने ब्लीचर्सच्या मागे हिरवे पडदे लावले आणि वर्षअखेरीस गच्चीवाल्यांवर फेडरल न्यायालयात दावा ठोकला. आमचा खेळ चोरून विकता, हे त्याचे सार. सामन्याचे दृश्य कुणाच्या मालकीचे, या प्रश्नावर निकाल लागलाच नाही. हंगामाआधी, जानेवारी २००४ मध्ये, बहुतेक गच्चीवाल्यांशी समझोता झाला: एकूण उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम संघाला, वीस वर्षे, २०२३ च्या अखेरीपर्यंत. खर्च वजा जाता नव्हे, एकूण उत्पन्नाच्या. बदल्यात संघाने दृश्य अडवायचे नाही.

नंतर सगळे घोडे अडले ते या ‘अडवायचे नाही’पाशी. करारातले कलम ६.६ तीन वाक्यांचे काम करते. आधी म्हणते की संघ पडदे किंवा गच्चीवरचे दृश्य अडवणारे इतर अडथळे उभारणार नाही. मग म्हणते की खास प्रसंगीचे झेंडे, फलक, सजावट यांना अडथळा समजू नये. आणि शेवटी म्हणते की सरकारी यंत्रणांनी मंजूर केलेला रिग्ली फील्डचा कोणताही विस्तार या कराराचा, या कलमासकट, भंग ठरणार नाही.

गच्चीवाल्यांचे म्हणणे असे की विस्तार म्हणजे बसायची जागा वाढवणे. दोन्ही बाजू वाटाघाटी करत होत्या तेव्हा डोळ्यांसमोर ब्लीचर्स वाढवण्याचीच योजना होती (ते काम २००६ च्या हंगामापर्यंत झालेही). भल्यामोठ्या जाहिरातीच्या पडद्याने एकही प्रेक्षक जास्त बसत नाही, मग तो विस्तार कसा? आणि पालिकेच्या मंजुरीने काहीही चालत असेल तर पहिल्या वाक्याला अर्थच काय उरला, कारण शिकागोत मंजुरीशिवाय खिळाही ठोकता येत नाही.

संघाची बाजू अशी की करार नीट वाचा. याच करारात आधीच्या कलमांत ब्लीचर्सची आसने वाढवण्याचा वेगळा, नेमका उल्लेख आहे. त्या विस्ताराने दृश्य गेले आणि गच्चीवाल्याने आपला स्टँड उंच केला, तर संघ खर्चाच्या १७ टक्के देणार. उंच करता आला नाही, धंदा बंद पडला आणि विस्तार पहिल्या आठ वर्षांतला असेल, तर भरलेल्या रकमेतला अर्धा वाटा परत. म्हणजे करार लिहिणाऱ्यांना आसने म्हणायचे होते तिथे त्यांनी आसनेच म्हटले, आणि ६.६ मध्ये ‘कोणताही विस्तार’ म्हटले ते जाणून. न्यायालयांनी हेच धरले.

भाषेचे नियम लावले तर न्यायालयाचे वाचन टिकते, हे मान्य. पण तराजूत दुसऱ्या पारड्यात काय होते तेही पाहावे लागते. वीस वर्षे १७ टक्के भरणारा माणूस दृश्याची हमी विकत घेत होता, आणि ती हमी एका जोडवाक्याने संपत होती. आठ वर्षांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि मोठा आराखडा २०१३ मध्ये पुढे आला. त्यामुळे परतफेडीचाही मार्ग उरला नव्हता. गच्चीवाल्यांकडे वकील होते, त्यांनी सही केली हे खरे. तरी तो १७ टक्के कशाचा मोबदला होता याचे समाधानकारक उत्तर मला निकालांत सापडत नाही.

दरम्यान २००४ मध्येच शहराने मैदानाला वारसा दर्जा दिला. वेल, धावफलक, दारावरची लाल पाटी यांच्याबरोबर मैदानाचा उघडेपणा आणि प्रेक्षागार ते ब्लीचर्स अशी अखंड वळणाची रेषा हीदेखील जपायची होती. त्याच वर्षी रात्रीचे सामने १८ वरून टप्प्याटप्प्याने ३० करायचे ठरले. वरच्या मजल्याच्या काँक्रीटचे तुकडे पडल्याने जाळ्या बांधाव्या लागल्या तेही तेव्हाच. दुरुस्ती खरोखर गरजेची होती, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते.

२००९ मध्ये एका कुटुंबाने संघ, मैदान आणि क्रीडावाहिनीतला हिस्सा मिळून सुमारे ८४.५ कोटी डॉलरना घेतले. २०१० मध्ये त्यांनी करमणूक कराच्या आधारे सरकारी मदत मागितली, ती मिळाली नाही. २०१२ मध्ये घरच्या वडीलधाऱ्यांचे नाव राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या प्रचारमोहिमेच्या प्रस्तावाशी जोडले गेले आणि राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे महापौर भडकले. २०१३ च्या जानेवारीत भूमिका बदलली: तुमचा पैसा नको, बंधने सैल करा, खर्च आम्ही करतो. मैदान आणि शेजारचे हॉटेल धरून ५० कोटी डॉलरचा आराखडा पुढे आला. विमानतळाजवळच्या एका उपनगराने पंचवीस एकर जागा देऊ केली आणि मालकांनी फलकाला परवानगी मिळाली नाही तर शहर सोडण्याचाही विचार करू, असे जाहीर बोलून दाखवले.

जुलै २०१३ मध्ये पालिकेने डाव्या बाजूला ५,७०० चौरस फुटांपर्यंतचा व्हिडिओ फलक आणि उजवीकडे एक लहान पाटी मंजूर केली. संघाने तरी काम सुरू केले नाही. आधी गच्चीवाल्यांनी दावा न करण्याची हमी द्यावी, असा त्याचा आग्रह होता. ती मिळाली नाही, तेव्हा मे २०१४ मध्ये त्याहून मोठा आराखडा आला: दोन व्हिडिओ फलक आणि इतर पाट्या मिळून सात. १० जुलै २०१४ ला वारसा समितीने तो मान्य केला. एक वर्षापूर्वी ज्या ‘अखंड रेषे’साठी दोन पाट्यांवर घासाघीस झाली, तिथे सात कशा चालल्या हे समजणे कठीण आहे. या अख्ख्या प्रकरणातला हा सर्वात दुबळा निर्णय, असे मला वाटते.

गच्चीवाल्यांनी ऑगस्टमध्ये समितीविरुद्ध दाद मागितली, आणि जानेवारी २०१५ मध्ये उजव्या बाजूच्या दोन गच्च्यांनी फेडरल न्यायालयात संघाविरुद्ध करारभंग आणि मक्तेदारीचा दावा केला. मनाईहुकूम मिळाला नाही, सप्टेंबर २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला आणि २०१७ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले. मक्तेदारीच्या मुद्द्यावर आडवा आला १९२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्याने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याबाहेर ठेवले. तो खटला भरला होता फेडरल लीगच्याच बाल्टिमोरच्या संघाने, कारण १९१५ च्या तडजोडीत त्याच्या वाट्याला मनासारखे काही आले नव्हते. ज्या समझोत्याने कब्स या मैदानावर आले, त्यातूनच निघालेल्या निकालाने गच्चीवाल्यांची वाट बंद केली.

बांधकाम २०१४ च्या हंगामानंतर सुरू झाले होते. ५ एप्रिल २०१५ ला पहिल्या सामन्याला ब्लीचर्स बंद होते, स्वच्छतागृहे अपुरी पडली आणि लोक बराच वेळ रांगेत उभे राहिले. डावीकडचा फलक मात्र झळकत होता. मालक कुटुंब एकीकडे गच्च्या विकत घेत होते, त्यांतल्या काही कर्ज थकल्याने आयत्या हाती आल्या. काही वर्षांत बहुतांश गच्च्या त्यांच्याकडे गेल्या. एका गच्चीमालकाला प्रेक्षकांचे आकडे लपवून संघाला आणि करखात्याला फसवल्याबद्दल दोषी ठरवले गेले, त्यामुळे सहानुभूतीही आटली. २०१६ मध्ये कब्सनी १०८ वर्षांनी जागतिक विजेतेपद मिळवले, शेफील्डवरच्या पाटीवर शून्ये लागली आणि फलकांवरची चर्चा तिथेच थांबली.

रहिवाशांचे काय झाले, हे या गदारोळात कुणी फारसे विचारले नाही. २०१३ च्या सौद्यात रात्रीचे सामने ३० वरून चाळिसाच्या वर गेले, त्यात मैफली वेगळ्या. बाजूच्या मोकळ्या जागेत चौक झाला आणि तिथे बिअर किती वाजेपर्यंत विकायची यावरून नगरसेवक आणि मालक यांच्यात नवे भांडण लागले. बदल्यात रहिवाशांना प्रेक्षकांसाठी दूरच्या वाहनतळावरून मोफत बस आणि सामन्यांच्या दिवशी जास्त बंदोबस्त मिळाला. १९८८ ची १८ सामन्यांची मर्यादा पंचवीस वर्षांत दुपटीहून जास्त सैल झाली, आणि दर वेळी ती एखाद्या मोठ्या सौद्याच्या शेपटाला बांधून सैल केली गेली. फलकांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या एक दशांशही यावर लिहिले गेले नाही.

२००४ च्या कराराची मुदत २०२३ अखेरीस संपली. जून २०२४ मध्ये संघाने वेव्हलँडवरच्या एका स्वतंत्र गच्चीवर दावा केला: परवाना नसताना सामना दाखवून तिकिटे विकता आणि आमचे नाव-चिन्ह वापरता. २००२ च्या दाव्यातला मुद्दाही जवळपास हाच होता. समोरच्या घराच्या गच्चीवरून दिसणारा खेळ विकायचा हक्क कुणाचा, याचा निकाल तेव्हा १७ टक्क्यांच्या समझोत्यामुळे लागायचा राहून गेला होता.