कोंडा (अंड्यांवरील कोंबड्यांचे खाद्य)

कोंडा : भाताचे तूस काढल्यावर तांबूस तांदळाला पॉलिश करताना निघणारी साल व तिच्याबरोबर सुटणारा अंकुर यांची भुकटी. गव्हाचा कोंडा, मक्याची चुरी व डाळींची चुणीही कोंबड्यांना घालतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः भाताच्या कोंड्याविषयी आहे. शब्दाचा संबंध पाली ‘कुंडक’ याच्याशी जोडतात. जातककथांत कुंडक हे गरिबाघरचे खाणे म्हणून येते. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ या म्हणीतही तोच अर्थ टिकला आहे.

कोंबडी माणसाळली ती धान्यामुळेच की काय, याविषयी मतभेद आहेत. उत्तर चीनमध्ये हे इ. स. पू. ८००० च्या सुमारास घडले असे एक मत होते. दुसरे मत सिंधू खोऱ्याकडे बोट दाखवी. २०२२ मध्ये जुन्या हाडांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. तीनुसार निःसंदिग्धपणे पाळीव ठरणारी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ अदमासे इ. स. पू. १६५० ते १२५० असा येतो. भात व भरडधान्यांच्या शेतीमुळे लाल रानकोंबडे वस्तीजवळ ओढले गेले असावेत, असे हे संशोधक मानतात. रानकोंबड्यांची व तित्तिरकुळातील इतर पक्ष्यांची हाडे ओळखताना होणारी गफलत पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोंड्याचे पोषणमूल्य उघड झाले ते मात्र कोंबड्यांच्या आजारातून. बेरीबेरी या हातापायांतील बळ नाहीसे करणाऱ्या रोगाचा जंतू शोधण्यासाठी डच सरकारने १८८६ मध्ये जावात पाठविलेल्या मंडळात क्रिस्तियान आइकमान हे तरुण लष्करी डॉक्टर होते. बटाव्हियाच्या (आजचे जकार्ता) लष्करी रुग्णालयात त्यांनी ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. जंतू टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्हींचे. पुढे त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले, की मध्यंतरी त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील शिजलेला पांढरा भात मिळत होता आणि नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले होते. त्यानंतर आडॉल्फ फोर्डरमान यांनी जावा व मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी पुष्कळ, तांबूस तांदूळ खाणाऱ्यांत ती जवळजवळ नाही, असे तीत दिसले. आइकमान यांची प्रथम समजूत अशी, की तांदळाच्या पिठूळ भागापासून विष तयार होते व साल त्यावर उतारा ठरते. गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये उलट मांडणी केली : विष नव्हे, सालीतील एका आवश्यक घटकाचा अभाव. तीच खरी ठरली. हा घटक (थायामीन, ब-१ जीवनसत्त्व) यान्सेन व डोनाथ यांनी १९२६ मध्ये कोंड्यापासून स्फटिकरूपात वेगळा केला. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमान यांना वाटा मिळाला, ग्राइन्स यांना नाही. अभावाच्या कल्पनेचे श्रेय मात्र ग्राइन्स यांनाच द्यायला हवे.

चांगल्या कोंड्यात अदमासे १२–१४ टक्के प्रथिने व १२–१८ टक्के तेल असते. हलर गिरणीतील (भरडणे व पॉलिश एकाच यंत्रात करणाऱ्या) कोंड्यात तूस मिसळलेले असल्याने तो निकृष्ट. रबरी रोलरच्या गिरणीतला सरस. तेल काढलेल्या कोंड्यात प्रथिनांचे प्रमाण थोडे वाढते, पण ऊर्जा बरीच घटते. फॉस्फरस भरपूर असला तरी सुमारे चार-पंचमांश फायटेट या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो व कोंबडीला तो फारसा पचत नाही. म्हणून खाद्यात फायटेज हे विकर मिसळतात. कॅल्शियम नगण्य असते. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जाते, तेव्हा नुसत्या कणीकोंड्यावर ठेवलेल्या कोंबडीची अंडी पातळ कवचाची होतात. शिंपल्यांचा चुरा वा चुनखडी वेगळी द्यावीच लागते. पिवळ्या मक्यातील रंगद्रव्येही कोंड्यात नाहीत. मोकळी फिरून हिरवा पाला टिपणाऱ्या गावठी कोंबडीच्या अंड्यातला बलक पिवळाधमक राहतो, पिंजऱ्यातल्या कोंबडीला कोंडा जास्त झाला तर फिका पडतो.

साठवण ही खरी अडचण. दळताक्षणी लायपेज हे विकर तेल फोडू लागते व दमट हवेत कोंडा काही दिवसांतच खवट होतो. उकड्या तांदळाच्या कोंड्यात उष्णतेने हे विकर निष्क्रिय झालेले असते. तो अधिक टिकतो व त्यात तेलही जास्त असते. पाण्यात कालवलेला कोंडा त्याच दिवशी संपवावा, उरला तर आंबतो.