माल ओल किती धरतो, किती सोडतो : नमुना देण्याआधी वाचा

मीटरवर ओलावा ९ टक्के दिसला, म्हणून माल पावसाळ्यात टिकेलच असं नाही. मे महिन्यात जळगाव-धुळ्याची हवा कोरडीठाक, जुलैत दमट. केळीची पावडर, वेफर्स, मिरची त्या हवेतून ओल घेतात किंवा तिच्यात सोडतात. हवेतल्या किती आर्द्रतेला माल किती ओलाव्यावर थांबतो, ते आम्ही प्रयोगशाळेत मोजून देतो.

घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाशी क्षाराचा ओला रबडा, वर जाळीवर एक-दोन ग्रॅम माल. २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम क्लोराइड बरणीत सुमारे ३३ टक्के आर्द्रता राखतं, पोटॅशियम कार्बोनेट ४३, साधं मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८४. रबड्यात न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत. ते संपले की आकडा भरवशाचा राहत नाही. तापमान हललं तर झाकणाला घाम फुटतो, थेंब मालावर पडतो आणि तो नमुना बाद. ७५ आणि ८४ च्या बरणीत बुरशी धरते, म्हणून तिथे उघड्या कुपीत थायमॉल, म्हणजे ओव्याचं फूल ठेवतो.

लागोपाठच्या दोन वजनांत ग्रॅममागे १ मिलिग्रॅमही फरक उरला नाही, की माल स्थिरावला असं धरतो. याला काही आठवडे लागू शकतात; घाईचा रिपोर्ट मागू नका.

प्रत्येक मालाचे दोन भाग करतो : एक आधी पूर्ण सुकवलेला, दुसरा ओलावलेला. त्याच आर्द्रतेला ओलावून मग सुकत आलेल्या भागात बहुधा जास्त पाणी उरतं. म्हणून आर्द्रता आणि मालातला ओलावा यांचा एकाच बाजूने काढलेला आलेख अर्धवट.

रिपोर्टमधले टक्के कोरड्या वजनावरचे असतात. १०० ग्रॅम मालात १० ग्रॅम पाणी असेल तर ओल्या वजनावर १०, कोरड्यावर ११.१ टक्के. जिनिंगवाल्यांनी हे विशेष पाहावं : रुईचा ८.५ टक्के रिगेन (म्हणजे कोरड्या वजनावरचा ओलावा) ओल्या हिशेबाने ७.८ भरतो.

केळीच्या पावडरीत साखर असते. १०५ अंशांच्या भट्टीत ती करपते आणि घटलेलं सगळं वजन पाणी म्हणून मोजलं जातं. ती आम्ही व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भट्टीत, ७० अंशांवर सुकवतो.

नमुना १०० ग्रॅम, ढिगाच्या पोटातून घ्या, वरचा नको. दुहेरी प्लास्टिक पिशवीत हवा दाबून बांधा, कागदी पुडीत नको. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. माल कसा आणि कधी सुकवला, ते चिठ्ठीवर लिहा.

आलेख जिथे एकदम वर चढू लागतो, त्याच्या बऱ्याच खालच्या आर्द्रतेवर पॅकिंगची खोली ठेवा.