निवासी डॉक्टरांचे तास : वाद नेमका कुठून आला

सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयात निवासी डॉक्टर, म्हणजे वॉर्डात काम करत पुढचे शिक्षण घेणारे डॉक्टर, कामबंदची नोटीस देतात तेव्हा चर्चा विद्यावेतनाचीच होते. वादाचे मूळ मात्र तासांत, सलग ३६ तासांच्या ड्युटीत आहे.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून देशभर एकसारख्या निवासी योजनेचे काम सुरू झाले. ५ जून १९९२ च्या केंद्राच्या पत्रात तास ठरले. कनिष्ठ निवासीने, म्हणजे पदव्युत्तर (पीजी) विद्यार्थ्याने, आठवड्याला साधारण ४८ तास काम करावे, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. पण त्याच वाक्यात पुढे पळवाट आहे : तास लवचिक राहतील, कामाचा भार आणि हाताशी असलेले डॉक्टर पाहून वैद्यकीय अधीक्षक ते ठरवतील. वापरात राहिली ती पळवाटच. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाही नाही, नुसते ‘वाजवी तास’. साप्ताहिक सुट्टी आहे, तीही कामाची निकड नसेल तर. दाद मागायची तर कशाच्या आधारावर?

३६ तास भरतात ते असे. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला राउंड, मग ओपीडी, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत भरती. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, शिवाय सीमेपलीकडचे इंडी आणि आळंद इथून पेशंट येत राहतात. दुसऱ्या दिवशी रात्री भरती झालेल्यांचा राउंड, तपासण्या, डिस्चार्ज कार्डे पुन्हा त्याच जेआर-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कनिष्ठ निवासीच्या, अंगावर, म्हणजे संध्याकाळ तिथेच. वॉर्डबॉय नसेल तर रक्ताचे बल्ब (नमुन्याच्या नळ्या) लॅबला नेणेही त्याच्याकडे. साध्या बल्बमधले रक्त काही तास तसेच पडून राहिले की पेशींतले पोटॅशियम बाहेर येते, रिपोर्ट खोटा वाढीव येतो आणि पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते. त्या विलंबाची शिक्षा पेशंटने भोगायची, हे चीड आणणारे आहे.

जानेवारी २०२३ च्या संपानंतर राज्याने वरिष्ठ निवासींची (पीजी झालेल्यांची) १,४३२ पदे मान्य केली. फेब्रुवारी २०२४ च्या संपानंतर विद्यावेतन दरमहा १०,००० रुपयांनी वाढले. वाढ मंजूर होणे आणि हातात पडणे यात अंतर असते : विभागाची हजेरी, कार्यालयाचे बिल, मग कोषागार. अनुदान आले नसेल तर बिल अडकते आणि दोन-दोन महिने खात्यात काही येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या ड्युटीला अमानुष म्हटले, तरी कनिष्ठांची संख्या पीजीच्या जागांना बांधलेली आहे आणि बिलासोबत जाणाऱ्या हजेरीत दिवस मोजले जातात, तास नाहीत.