गुळव्याची गोळी: सांगितलेला नियम आणि शिकलेलं यंत्र

भाचा परवा म्हणाला, “मामा, लाईट बिल पण कॉम्प्युटरच काढतोय, मग ते एआयच की!” साधा प्रोग्राम आणि शिकलेलं यंत्र यांत भल्याभल्यांची गल्लत होते. किती युनिटला कोणता दर, हे माणसानं आधीच लिहून दिलेलं असतं. बिल काढणारा प्रोग्राम तेवढंच पाळतो.

आता करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर चला. काहिलीत रस उकळतोय, मळी काढून झालीय. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी वळून बघतो. घट्ट गोळी झाली की काहील उतरवायची. घाई केली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो.

हे काम यंत्राला द्यायच्या वाटा दोन. पहिली म्हणजे तापमापक लावायचा आणि लिहून द्यायचं, पाक ११८ अंशांवर गेला की घंटा वाजव. दुसरी वाट लांबची. हंगामभर काहिलींचे हजारो फोटो काढायचे आणि प्रत्येकावर गुळव्याकडून ‘झाला’ किंवा ‘अजून नाही’ अशी खूण करून घ्यायची. यंत्र अंदाज बांधतं, चुकतं, चुकीच्या मानानं आपल्या आतले आकडे जरासे सरकवतं आणि पुन्हा अंदाज बांधतं. नियम कुणीच लिहीत नाही, तो त्या आकड्यांत मुरत जातो. याला मशीन लर्निंग म्हणतात. मोबाईलवरचे चॅटबॉटही याच वाटेचे, फक्त फोटोंऐवजी मजकुरावर शिकलेले.

भाच्याची अगदीच चूक नव्हती. एआय या विषयाची सुरुवात जिथून मानतात, त्या १९५६च्या अमेरिकेतल्या डार्टमथ परिषदेनंतर कितीतरी वर्षं एआय म्हणजे बहुतेक हातानं लिहिलेले नियमच होते. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या मायसिन या प्रोग्राममध्ये जंतुसंसर्ग ओळखायचे शेकडो नियम होते. आज मात्र लोक एआय म्हणतात ते बहुधा शिकलेल्या यंत्राला.

खरा फरक चूक झाल्यावर कळतो. घंटा चुकीच्या वेळी वाजली तर ११८चा आकडा बदलला की काम झालं. शिकलेल्या यंत्रात बदलायला तशी ओळच नसते. समजा, सगळे फोटो को ८६०३२ या उसाच्या पाकाचे घेतले आणि पुढं वेगळ्या रंगाचा पाक काहिलीत आला. यंत्र तेवढ्याच ठामपणे ‘झाला’ म्हणू शकतं. मग नवे फोटो काढायचे आणि खुणा करायला पुन्हा गुळव्यालाच बोलवायचं. त्या बैठकीची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, कारण यंत्रात उतरलेली नजर त्याची आहे.