टेपच्या आधी टॉर्च
डासांची जाळी बसवून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आम्ही खिडक्या-बाल्कन्यांना डासांच्या जाळ्या बसवतो. पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे, सिंहगड रस्ता या भागात आमचं बहुतेक काम असतं. हे पत्रक प्रत्येक घरी कामासोबत देतो आणि ते घरातल्या सगळ्यांनी वाचावं अशी विनंती करतो. कारण जाळी बाहेरच्या डासाला आत येऊ देत नाही हे खरं असलं, तरी घरातच जन्मलेल्या डासाला ती बाहेरही जाऊ देत नाही.

हे आम्ही एका फ्लॅटमध्ये शिकलो. काही वर्षांपूर्वी तिथे दारं-खिडक्या धरून सगळीकडे जाळी बसवली होती. पावसाळ्यात त्या ताईंचा फोन आला. मुलाला डेंग्यू झाला होता. तो बरा झाला आणि अडीच-तीन आठवड्यांनी त्या स्वतः तापाने पडल्या, पुन्हा डेंग्यूच. "सगळ्या घराला जाळी आहे, मग हे कसं झालं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही जाऊन खिडकी न् खिडकी तपासली. कुठे फट नाही, कुठे फाटलेलं नाही. मग टीव्हीशेजारच्या काचेच्या बाटलीकडे लक्ष गेलं. तिच्यात मनी प्लांट होता, पाणी नितळ. टॉर्च मारला तर त्या पाण्यात तांदळाच्या दाण्याहून बारीक अळ्या शेपटीकडून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेल्या, डोकं खाली. काचेवर टिचकी मारली तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर आल्या.

डेंग्यूचा विषाणू डास माणसाकडूनच घेतो. तापाच्या दिवसांत मुलाला चावलेल्या डासाच्या पोटात तो वाढायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर तो डास ज्याला चावेल त्याला 4 ते 10 दिवसांत ताप येतो. मुलाच्या आणि आईच्या तापातलं अंतर या हिशेबात नेमकं बसत होतं. डास त्या बाटलीत जन्मत होते आणि आमच्या जाळीने ते पेशंटसोबत घरात कोंडले होते. तेव्हापासून माप घ्यायला गेलो की टेपच्या आधी टॉर्च बाहेर काढतो.

कुठला डास काय करतो

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार एडिस इजिप्ती नावाचा डास पसरवतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे. तो दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यानंतरचे दोन तास आणि सूर्य मावळण्याआधीचे काही तास त्याचा जोर असतो. म्हणून फक्त रात्री गुडनाइट लावून काम भागत नाही. गटारापेक्षा त्याला तुमच्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी जास्त आवडतं. तो फार लांब उडतही नाही. सहसा जिथे जन्मतो तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. म्हणजे तुम्हाला चावणारा एडिस बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या घरचाच असतो.

मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस रात्री चावतो. भिंतीवर बसतो तेव्हा त्याची शेपटी तिरपी वर उचललेली दिसते. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या शरीरात मलेरियाचे जंतू शोधले. तो दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. तिसरा क्युलेक्स. थंडी सरताना मुळा-मुठेच्या पात्रात जलपर्णी वाढते आणि नदीकाठच्या सोसायट्यांत संध्याकाळी घोंगावणारे डास येतात, ते बहुतेक हे. घाण पाणी, नाले, तुंबलेली गटारं ही त्याची जागा. तो हत्तीरोग पसरवू शकतो. त्याच्यासाठी मात्र जाळी हा खरोखर मोठा आधार आहे, कारण तो बाहेरूनच येतो.

झिकाबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि 2024 मध्ये एरंडवण्यापासून सुरू होऊन शहरात रुग्ण आढळले. मोठ्या माणसांना तो बऱ्याचदा जाणवतही नाही, पण गरोदर बाईला झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. घरात कोणी गरोदर असेल तर कृपया आम्हाला आधी सांगा. ते काम आम्ही इतर कामांच्या आधी घेतो.

गुरुवारचं पाणी

पाणीपुरवठ्याच्या देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणार, अशी बातमी आली की बुधवारी रात्री आपण काय करतो? ड्रम भरतो, बादल्या भरतो, पिंप, कळशी, मोठं पातेलंसुद्धा. शुक्रवारी पाणी येतं आणि तो ड्रम बाथरूमच्या कोपऱ्यात अर्धा तसाच राहतो. पुढच्या वेळी त्यातच वरून पाणी घालतो. एडिसला यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही.

एडिसची मादी अंडी थेट पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. नुसतं पाणी ओतून टाकलं तर ती तिथेच राहतात. कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. पावसाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं सांगतात ते याच हिशेबाने.

आमचं सुचवणं असं, की कोरडा दिवस गुरुवारच धरा. पाणी बंद असेल तर संध्याकाळपर्यंत ड्रम आपोआप रिकामा होतो. तेव्हा तो आडवा करा, आतल्या भिंती, विशेषतः पाण्याची रेषा जिथे असते तो पट्टा, घासणीने खरवडून घासा आणि उलटा करून ठेवा. पाणी बंद नसलेल्या गुरुवारीही हेच. अळ्या असलेलं पाणी गटारात किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू नका, गच्चीवर उन्हात किंवा कोरड्या मातीवर पसरून टाका. ड्रम रिकामा करणं शक्यच नसेल तर तोंडावर जाळी ताणून दोरीने घट्ट बांधा. तुमच्याकडच्या कामात उरलेले जाळीचे तुकडे आम्ही त्यासाठीच तुमच्याकडे ठेवून जातो, ते फेकू नका.

ड्रम दिसतो तरी. न दिसणाऱ्या जागा जास्त त्रास देतात. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्यात डीफ्रॉस्टचं पाणी साचतं. बऱ्याच घरांत तो ट्रे फ्रिज आणल्यापासून कोणी बाहेर काढलेला नसतो. कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या पाइपखाली ठेवलेली बादली, ड्राय बाल्कनीत उलटं न ठेवलेलं टब, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, देव्हाऱ्यात आठवडाभर न हललेला कलश. पक्ष्यांचं पाणी बंद करू नका, रोज बदला म्हणजे झालं. मनी प्लांट मातीत लावा, किंवा दर गुरुवारी बाटली आणि मुळं दोन्ही धुवा. गणपती झाल्यावर सजावटीचं सामान गच्चीवर चढतं, त्यातल्या थर्माकोलच्या खोबणीत परतीचा पाऊस साठतो, तिथेही एकदा बघा. आणि परदेशी किंवा गावी गेलेल्या शेजाऱ्यांचा बंद फ्लॅट. त्यांच्या कमोडमध्ये आणि फ्लश टाकीत पाणी असतंच. किल्ली तुमच्याकडे असेल तर आठवड्यातून एकदा फ्लश करा आणि झाकण लावून या.

सोसायटीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का, हेही. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका. अळ्या सापडल्या तर नोटीस येते हे खरं, पण ते घरात येऊन बघतात म्हणूनच त्या सापडतात. धूरफवारणीने फक्त उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंडी तशीच राहतात. म्हणून नुसत्या धुरासाठी अर्ज करण्यापेक्षा पार्किंगमधली ताडपत्री झटका.

जाळीबद्दल

आम्ही फायबरग्लासची जाळी वापरतो, इंचाला उभे 18 आणि आडवे 16 धागे. याहून मोठ्या भोकांची स्वस्त जाळी घेऊ नका. उंदीर-घुशींचा त्रास असलेल्या तळमजल्यावर 304 ग्रेडची स्टीलची जाळी लावावी. स्लायडिंग खिडकीत डास जाळीतून येत नाही, तो दोन शटर एकमेकांवर सरकतात त्या मधल्या फटीतून येतो. तिथली ब्रशची पट्टी झिजली की बदलावी लागते, काम पाच मिनिटांचं असतं. व्हेल्क्रोची जाळी भाड्याच्या घरासाठी ठीक, पण रोज काढ-घाल केली तर पट्टी सुटते. आणि बाथरूमच्या काचांची खिडकी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या पाइपचं भोक हे सगळं मोजणीत धरा. लोक हॉलची मोठी खिडकी झाकतात आणि डास बाथरूममधून येतो.

दोन महिन्यांहून लहान बाळाला डासांचं मलम लावू नका, पाळण्याला मच्छरदाणी बांधा. दुपारच्या झोपेलाही.

ताप आला तर

आजारी माणसाला पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याच्यासाठी नव्हे, बाकी घरासाठी. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या देऊ नयेत, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. पहिल्या पाच दिवसांत एनएस1 ही रक्ततपासणी उपयोगी पडते. पाणी, पेज, ताक, ओआरएस देत राहा. थंडी वाजून ताप येत असेल तर मलेरियाचीही तपासणी करा आणि औषध पूर्ण घ्या.

सगळ्यात जपायचे दिवस ताप उतरतानाचे. घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच बिघडतं. पोटात जोराने दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, माणूस गळून जाणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानांच्या रसात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

माप घ्यायला आम्ही येऊ तेव्हा फ्रिज पुढे ओढायला आणि कुंड्या हलवायला घरातलं एक जण मोकळं ठेवा. त्या पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही, आणि जाळी आमच्याकडून घ्यायची की नाही हे तुम्ही नंतर ठरवा.